शिवारातला कुत्रा, रानातला कोल्हा आणि रक्तातले आदिजीव

पुण्याच्या वायव्येस पवना नदीच्या काठी असलेले रावेत हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. तत्पूर्वीची त्याची ओळख नदीकाठच्या मळ्यांची, गुरांच्या गोठ्यांची आणि शेजारच्या उद्योगनगरीला पाणी पुरविणाऱ्या बंधाऱ्याची होती. एका अंगाला देहूरोडची लष्करी जमीन व तिच्यापलीकडचा घोराडेश्वराचा डोंगर, दुसऱ्या अंगाला नदीकाठची झुडुपे आणि मध्ये शेती, असा हा भूभाग. अशा गावात शेतावरच्या कुत्र्याचे आयुष्य दोन प्रदेशांत वाटले गेलेले असते. दिवसा तो गोठ्यापाशी पडून असतो. रात्री बांधाबांधाने रानाच्या कडेपर्यंत जातो. गोठ्यातल्या गुरांची गोचीड त्याच्या अंगावर चढते, आणि कोल्हा ज्या गवतातून गेला त्या गवतातलीही चढते. ‘धोब्याचा कुत्रा ना घरचा ना घाटाचा’ ही म्हण उपहासाने वापरली जाते. शेतावरचा कुत्रा मात्र घरचाही असतो आणि घाटाचाही. रोगेतिहासाच्या अभ्यासकाला त्याचे महत्त्व वाटते ते या दुहेरी वास्तव्यामुळेच.

या कुत्र्याच्या रक्तात राहणाऱ्या एकपेशीय परोपजीवींचे ज्ञान कसकसे होत गेले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या ज्ञानाच्या वाटचालीतील एक महत्त्वाचा टप्पा रावेतपासून पाच-सहा कोसांवर, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात पार पडला, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. त्याहूनही कमी ध्यानात घेतली जाणारी गोष्ट अशी की, हे ज्ञान ज्या कुत्र्यांच्या रक्तातून मिळाले ती बहुतांशी गावकुत्री नव्हती.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. ज्यांना इंग्रजीत प्रोटोझोआ म्हणतात त्यांना मराठीत ‘आदिजीव’, ‘प्रजीव’ अशी नावे देण्यात आली. त्यांच्या आश्रयवृत्तीसाठी ‘परोपजीवी’, ‘परजीवी’ व ‘जीवोपजीवी’ हे तिन्ही शब्द ग्रंथांतून आढळतात. हे सगळे शब्द घडविलेले आहेत, आणि शेतकऱ्याच्या बोलण्यात त्यांतील एकही नाही. त्याच्यापाशी ‘जंतू’ हा एकच सर्वसमावेशक शब्द आहे. याउलट, जे डोळ्यांना दिसते त्याच्या बाबतीत बोली अतिशय काटेकोर आहे. गोचीड, पिसू, ऊ व लीख यांत ती गल्लत करीत नाही. गुरांना डसणारी गोमाशी आणि घरातली माशी यांत करीत नाही. कोल्हा आणि खोकड हे दोन वेगळे प्राणी आहेत हे गुराख्याच्या पोराला ठाऊक असते, पण शहरी लेखणीतून इंग्रजी ‘फॉक्स’चे भाषांतर सर्रास ‘कोल्हा’ असे होते आणि दोन प्राण्यांचे रोग एकमेकांच्या नावावर जमा होतात. लांडगा, तरस, कोळसुंदा ही नावेही अशीच अनुभवातून आलेली आहेत. म्हणजे, रोग वाहून नेणारा कीटक आणि रोगाचा रानातला धनी या दोन टोकांना बोलीत नेमकी नावे होती. मधला दुवा, जो केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, तेवढा अनामिक होता. आदिजीवांच्या शोधाचा इतिहास हा या अनामिक दुव्याला नाव मिळण्याचा इतिहास आहे.

पहिले नाव मिळाले ते घोड्याच्या रोगाच्या निमित्ताने. १८८० साली पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे लष्करी घोडे व उंट ‘सर्रा’ नावाच्या रोगाने मरत होते. सडणे, कुजणे या अर्थाच्या देशी धातूशी या नावाचा संबंध जोडला जातो. झिजत झिजत मरणाऱ्या जनावराला पाहून ते पडले असावे. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने त्या जनावरांच्या रक्तात वळवळणारे, चाबकासारखे शेपूट असलेले जीव पाहिले आणि रोगाचे कारण हेच असल्याचे प्रतिपादन केले. निरोगी जनावरांना रोगी रक्त टोचून त्याने रोग उत्पन्न करून दाखविला; या प्रयोगांत कुत्राही होता. परंतु वरिष्ठांचा विश्वास बसला नाही. त्याला कारणही होते. टिमथी लुइस याला कलकत्त्याच्या उंदरांच्या रक्तात तशाच आकाराचे जीव त्यापूर्वीच आढळले होते आणि ते उंदीर धडधाकट होते. एका प्राण्यात निरुपद्रवी असलेला आदिजीव दुसऱ्यात मारक ठरू शकतो, ही कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती. सस्तन प्राण्याला मारणारा ट्रिपॅनोसोम म्हणून जो पहिला जीव विज्ञानाला ज्ञात झाला, तो हा. पुढे त्याला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी असे इव्हान्सचेच नाव मिळाले. इव्हान्स शंभर वर्षे जगला, त्यामुळे आपला मान्य झालेला शोध त्याला पाहता आला. इतिहासात हा न्याय फारसा कोणाच्या वाट्याला येत नाही.

यानंतरचा धागा मुंबईत येतो. १८८५ साली ब्रह्मदेशातील लष्करी खेचरांच्या अशाच रोगाची चौकशी जॉन हेन्री स्टील याने केली. त्याला रक्तात तेच जीव दिसले. पण त्याने त्यांची गणना स्पायरोकीटांत केली आणि रोगाला उलटून येणाऱ्या ज्वराचा एक प्रकार ठरविले. वर्गीकरण चुकले, पण ज्वर थांबून थांबून येतो आणि त्याच लयीत रक्तातील जीवांची संख्या चढते-उतरते, हे त्याचे निरीक्षण बिनचूक होते. हाच स्टील १८८६ साली परळ येथे सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य झाला. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून तेथे जनावरांचे रुग्णालय आधीच उभे राहिले होते. मराठी मुलखातील पशुवैद्यकाचे पहिले रीतसर शिक्षण अशा प्रकारे सर्रा स्वतः पाहिलेल्या माणसाच्या हाताखाली सुरू झाले.

आणि १८८९ च्या डिसेंबरात पुण्यात इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. तिचा प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड. जागा विज्ञान महाविद्यालयातील, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, मुळा-मुठेच्या संगमाजवळची. साम्राज्य सरकारला प्रामुख्याने चिंता होती ती बुळकांड्या रोगाने मरणाऱ्या गुरांची आणि लष्कराच्या घोड्यांची. पुण्याची हवा रोगजंतूंच्या संवर्धनाला व लसींच्या कामाला फार उष्ण, आणि भोवती दाट वस्ती, म्हणून १८९३ साली ही प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वरला हलविण्यात आली. तिचेच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत रूपांतर झाले. पुण्याच्या वाट्याला जेमतेम चार वर्षे आली. तथापि लिंगार्डच्या सर्रावरील संशोधनाची पायाभरणी त्याच वर्षांत झाली आणि घोड्यांच्या सर्रावरील त्याचा अहवाल १८९३ मध्ये मुंबईतच छापला गेला.

१८९९ साली त्याचा पुढचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच घोडे, गुरे आणि म्हशी यांच्या बरोबरीने कुत्र्यांचाही उल्लेख आहे. शीर्षकातील हा एक शब्द लहानसा वाटतो, पण तो एक पायरी सुचवितो. इव्हान्सच्या वेळी कुत्रा हा प्रयोगाचे साधन होता. लिंगार्डच्या अहवालात तो रोगाचा धनी म्हणून आला. सर्रा झालेल्या कुत्र्याला ताप येतो, डोके व गळा सुजतो, डोळ्यांवर पांढुरका पडदा येतो. स्वरयंत्राशी सूज आल्यामुळे त्याचे भुंकणे घोगरे होते, आणि या बदललेल्या आवाजावरून तो पिसाळला अशी समजूत होणे अगदी स्वाभाविक आहे. पशुवैद्यकाची पाठ्यपुस्तके या गल्लतीपासून सावध करतात. ज्या गावात सूक्ष्मदर्शक नाही आणि पिसाळलेल्या कुत्र्याची धास्ती आहे, त्या गावात घोगऱ्या आवाजाच्या, लाळ गाळणाऱ्या, आंधळेपणाने धडपडणाऱ्या कुत्र्याचे काय होत आले असेल हे सांगावयास नको. दंडुक्याने मारल्या गेलेल्या अशा कुत्र्यांची गणना कोणत्याही अहवालात नाही.

रोग पसरतो कसा, याचा उलगडा लिओनार्ड रॉजर्स याने केला. मुक्तेश्वर येथे केलेल्या व १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याने दाखविले की, गोमाशी रोगी जनावराचे रक्त पिता पिता उठली आणि लगेच निरोगी जनावरावर बसली तर तिच्या तोंडाला लागलेल्या रक्तानेच रोग जातो. माशीच्या शरीरात आदिजीवाची वाढ व्हावी लागत नाही. ती केवळ मळलेल्या सुईसारखी काम करते. कुत्र्याच्या बाबतीत याखेरीज दुसरी एक वाट आहे. सर्राने नुकत्याच मेलेल्या जनावराचे मांस व रक्त खाल्ल्याने मांसाहारी प्राण्यांना रोग जडतो, तोंडातील बारीकशी जखमही त्याला पुरते. मेलेले ढोर गावाबाहेर टाकण्याची जागा प्रत्येक गावात असे, आणि त्या जागी गावची कुत्री, कोल्हे, तरस व गिधाडे एकाच पंगतीला बसत. शिवार आणि रान यांच्या सीमेवर आदिजीवांची देवघेव होण्याचे याहून स्पष्ट ठिकाण सांगता येणार नाही. २००० साली ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात डझनभर वाघ ट्रिपॅनोसोमाच्या संसर्गाने दगावले, तेव्हा घोड्यांचा म्हणून ओळखला जाणारा रोग वाघाच्या पिंजऱ्यात कसा पोचला, असा प्रश्न अनेकांना पडला. लिंगार्डच्या शीर्षकातील त्या शब्दाची आठवण ठेवली असती तर आश्चर्य थोडे कमी झाले असते.

येथवरचा इतिहास घोड्याच्या मागोमाग चालणाऱ्या कुत्र्याचा होता. कुत्र्याच्या स्वतःच्या रक्ताकडे संशोधकांचे लक्ष वळले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. १९०५ साली आसामच्या चहामळ्यांच्या प्रदेशात काम करणाऱ्या बेंटली याने आणि सरकारी वैद्यकीय सेवेतील एस. पी. जेम्स याने कुत्र्याच्या पांढऱ्या रक्तपेशींत राहणाऱ्या एका आदिजीवाची माहिती प्रसिद्ध केली. हा आज हेपॅटोझून कॅनिस या नावाने ओळखला जातो. लगेच १९०६-०७ मध्ये एस. आर. क्रिस्टोफर्स याने त्याचे जीवनचक्र कुत्र्याच्या गोचिडीत शोधून काढले; त्याच सुमारास तांबड्या पेशींत राहणाऱ्या दुसऱ्या आदिजीवाचा, तेव्हाच्या नावाने पायरोप्लाझ्मा कॅनिसचा, गोचिडीतील प्रवासही त्याने वर्णिला. मलेरियाच्या अभ्यासात नावाजलेल्या या माणसाने कुत्र्याच्या गोचिडीवर एवढी मेहनत का घेतली असावी, याचे उत्तर काळाच्या संदर्भात मिळते. रॉसने १८९७-९८ मध्ये डासाचे कार्य दाखविल्यापासून कीटक आणि रक्तातील जीव यांचा संबंध हा त्या पिढीचा ध्यास झाला होता, आणि कुत्रा व गोचीड ही जोडी प्रयोगशाळेच्या अंगणात सहज मिळत होती.

हेपॅटोझूनचा एक विशेष येथे नोंदविला पाहिजे. गोचीड चावल्याने तो शरीरात जात नाही. कुत्र्याने गोचीड गिळली तर जातो. अंगावरची गोचीड दातांनी ओरबाडून काढण्याची कुत्र्याची सवय, जी पाहणाऱ्याला स्वच्छतेची वाटते, तीच त्याच्या संसर्गाचे साधन होते. रानातील श्वानकुळातील व मार्जारकुळातील प्राण्यांतही हेपॅटोझून आढळतात. आपले अंग चाटणारा किंवा गोचीडभरले भक्ष्य खाणारा कोणताही प्राणी या वाटेवर येऊ शकतो.

सगळ्यात बोलका प्रसंग १९१० सालचा आहे. डब्ल्यू. एस. पॅटन याने मद्रास हंटच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात एक नवा, आकाराने लहान पायरोप्लाझ्म पाहिला आणि मग तोच कोल्ह्यांच्या रक्तात शोधून काढला. पॅटनच्या निबंधाच्या नावातच शोधाचा क्रम सांगितला आहे: आधी शिकारी कुत्री, नंतर कोल्हा. हाच आजचा बॅबेसिया गिब्सोनी. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या शिकारमंडळांना विलायतेतल्यासारखा लाल कोल्हा, म्हणजे तिकडचा ‘फॉक्स’, मिळत नसे. म्हणून ते येथल्या कोल्ह्याच्या मागे घोडे व कुत्री सोडीत. पुणे-खडकीच्या छावण्यांतही अशी कुत्री पाळली जात. त्यासाठी विलायतेहून कुत्री आणवीत. ती येथील उन्हाळ्यात व तापात भराभर मरत, आणि पुढच्या हंगामाला पुन्हा नवी मागवावी लागत. ही कुत्री किमती होती, त्यांच्या मृत्यूची चौकशी करणारे साहेब होते, म्हणून त्यांचे रक्त काचेवर आले. दिवसभर कोल्ह्याच्या वासावर, त्याच्याच गवतातून, त्याच्याच बिळांपाशी धावणाऱ्या कुत्र्याला कोल्ह्याची गोचीड चिकटणार हे उघड होते. शिकारीचा खेळच रोगाच्या संक्रमणाचा प्रयोग झाला होता.

या ठिकाणी एका सोयीस्कर निष्कर्षापासून दूर राहिले पाहिजे. कोल्हा हा रोगाचा साठा आणि कुत्रा हा बळी, असे चित्र पॅटनच्या शोधानंतर रूढ झाले. नव्याने आणलेल्या विलायती कुत्र्यांपुरते ते पटण्याजोगेही आहे, कारण या आदिजीवाशी त्यांची पूर्वी गाठ पडलेली नव्हती. पण पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिलेला गावकुत्रा या चित्रात कोठे बसतो? तो लहानपणीच संसर्गित होऊन, वाचला तर, रोगलक्षणांवाचून आदिजीव बाळगीत जगतो. अशा वेळी साठा रानात आहे की गावात, हा प्रश्न कोल्ह्यांच्या संख्येची गावकुत्र्यांच्या संख्येशी तुलना केल्याखेरीज सुटत नाही, आणि गावकुत्री कोल्ह्यांच्या अनेक पटींनी अधिक आहेत. गावकुत्र्याच्या रक्ताकडे त्या काळात फारसे कोणी पाहिले नाही, म्हणून कोल्ह्याकडे बोट दाखविणे सोपे गेले.

गिब्सोनीचा वाहक कोण, यावरही एकमत सहजी झाले नाही. मुक्तेश्वरच्या एस. के. सेन यांनी १९३३ मध्ये कुत्र्याच्या तपकिरी गोचिडीकडे, म्हणजे ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनिअसकडे, निर्देश केला. १९३७ मध्ये सी. एस. स्वामिनाथ व एच. ई. शॉर्ट यांनी हीमाफायसॅलिस बायस्पायनोसा ही गोचीड वाहक असल्याचे दाखविले. (काळा आजार वाळूमाशीच्या दंशाने होतो याची अखेरची सिद्धता १९४२ मध्ये देणाऱ्या मंडळींत हीच दोन नावे पुन्हा भेटतात.) हा मतभेद वरवर किरकोळ वाटेल. पण या दोन गोचिडींची राहणी भिन्न आहे. तपकिरी गोचीड जवळजवळ केवळ कुत्र्यावर जगते आणि भिंतींच्या भेगांत, कुत्र्याच्या बसण्याच्या जागेभोवती अंडी घालते. हीमाफायसॅलिसला गवत लागते, आणि ती गाय, शेळी, कुत्रा अशा अनेकांवर चढते. पहिली घराची आहे, दुसरी चराईच्या रानाची.

उपचाराच्या इतिहासातही गिब्सोनीने अडचणच उभी केली. नटॉल व हॅडवेन यांनी १९०९ मध्ये ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगाने कुत्र्याचा पायरोप्लाझ्मोसिस बरा होतो असे दाखविले होते. मोठ्या आकाराच्या बॅबेसियावर ते खरे ठरले. लहान आकाराच्या गिब्सोनीने मात्र त्याला दाद दिली नाही, आणि पुढील औषधांनीही तो रक्तातून समूळ क्वचितच जातो.

गाईम्हशी पाळणाऱ्याच्या दृष्टीने अधिक निकडीचा असलेला आदिजीव फार उशिरा ओळखला गेला. १९८४ मध्ये नॉर्वेतील कुत्र्यांत प्रथम पाहिलेल्या आणि १९८८ मध्ये जे. पी. दुबे व सहकाऱ्यांनी निओस्पोरा कॅनिनम असे नामकरण केलेल्या या जीवाने गाईंचे गर्भपात होतात. दुबे हे मूळचे भारतीय, महू येथे शिकलेले पशुवैद्य. कुत्रा हा या आदिजीवाचा अंतिम आश्रयदाता आहे, म्हणजे त्याच्या विष्ठेतून त्याची बीजकोशे बाहेर पडतात, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. पुढे उत्तर अमेरिकेतील कायोटी, ऑस्ट्रेलियातील डिंगो व करडा लांडगा हेही तसेच आश्रयदाते असल्याचे आढळले. गोठ्यातील कुत्र्याला संसर्ग होण्याची एक वाट म्हणजे व्यालेल्या अथवा गाभडलेल्या गाईची जार. ती उकिरड्यावर टाकली की कुत्रा खातो. कुत्र्याची विष्ठा चाऱ्यात किंवा पाण्यात गेली की वर्तुळ पुरे होते. जार खोल पुरावी, कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये, असा दंडक अनेक शेतकरी कुटुंबांत पूर्वीपासून पाळला जातो. तो शुचितेच्या कल्पनेतून आला असो वा अनुभवातून, त्याचा परिणाम निओस्पोराच्या बाबतीत हितकारकच आहे.

महाराष्ट्रात कुत्रा आणि वन्य प्राणी यांचा संबंध किती निकटचा आहे, याची मोजदाद अलीकडच्या काळात झाली. अकोले तालुक्याच्या खोऱ्यात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहाराच्या एकूण वजनात पाळीव कुत्र्याचा वाटा ३९ टक्के असल्याचे दिसले. ऊसमळ्यात राहणारा बिबट्या हा बऱ्याच अंशी कुत्रे खाऊन जगणारा प्राणी आहे. कुत्र्याच्या अंगावरील गोचीड व त्याच्या रक्तमांसातील जे जे काही असेल ते सारे बिबट्यापुढे वाढले जाते. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक व सहकाऱ्यांनी कुत्रे व खोकड यांतील विषाणूंचा अभ्यास करून २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. तो आदिजीवांविषयी नाही, तथापि त्यातून गावकुत्री हा रोगाचा कायमचा साठा आणि खोकड हा अधूनमधून सापडणारा बळी, असे पॅटननंतरच्या रूढ चित्राच्या नेमके उलट चित्र पुढे आले. पुणे जिल्ह्यातील माळांवर तर लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ साली जनुकीय पुराव्याने सिद्ध झाले. जेथे मीलन होते तेथे गोचिडीची देवघेव होत नसेल असे मानता येत नाही. गुजरातेत गीरच्या रानात २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू आणि गोचिडींतून आलेला बॅबेसिया यांचा दुहेरी मारा झाल्याचे निष्पन्न झाले. एरवी मुकाट्याने रक्तात राहणारा आदिजीव दुसऱ्या रोगाने प्रतिकारशक्ती खालावताच कसा उसळतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

माणसाचा प्रश्नही यातून सुटत नाही. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी माणसाला होत नाही, हे शंभर वर्षे मान्य असलेले विधान चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या आजाराने मोडले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. या रुग्णाचा ताप थांबून थांबून येत होता आणि रक्तातील जीवांची संख्या चढत-उतरत होती. स्टीलने खेचरांत पाहिलेली लय १२० वर्षांनी माणसात दिसली. सुरामिन या जुन्या औषधाने रुग्ण बरा झाला. पुढे २००६ मध्ये कारणही सापडले: ट्रिपॅनोसोमाला मारणारे ए-पी-ओ-एल-१ नावाचे प्रथिन, जे बहुतेक सर्व माणसांच्या रक्तात असते, ते त्याच्या रक्तात जन्मतःच नव्हते. त्याच्या गावातील १,८०६ लोकांची तपासणी झाली. अनेकांच्या रक्तात प्रतिद्रव्यांची खूण मिळाली, पण जिवंत ट्रिपॅनोसोम एकाच्याही रक्तात मिळाला नाही. म्हणजे गोमाशीने दिलेला आदिजीव अनेकांच्या अंगात शिरला असावा, पण टिकला फक्त तेथे जेथे दार उघडे होते. प्रथिन शाबूत असलेल्या एका स्त्रीलाही हा रोग झाल्याचे व्हिएतनाममध्ये २०१५ साली दिसले, त्यामुळे एवढ्या स्पष्टीकरणावर निश्चिंत राहणे बरे नाही. इव्हान्सपुढे जो प्रश्न होता, की एकाच्या रक्तात निमूट राहणारा जीव दुसऱ्याला का मारतो, त्याचे उत्तर मानवापुरते प्रथमच असे रासायनिक पातळीवर मिळाले, आणि तेही महाराष्ट्रातील एका खेड्यामुळे.

आता रावेतकडे वळू. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तेथील मळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे टोक शेजारच्या किवळ्याला येऊन मिळाले, गोठे घटले. कुत्री मात्र गेली नाहीत. शेतकऱ्याची भाकर गेली तरी बांधकामावरच्या मजुरांचे उरलेले अन्न व कचऱ्याचे ढीग त्यांना पुरले. जी राखणीची होती ती भटकी ठरली. येथे दोन गोचिडींच्या राहणीतील तो भेद उपयोगी पडतो. गवत आणि गुरे कमी झाली की हीमाफायसॅलिसचे निवासस्थान आक्रसते. तपकिरी गोचिडीला कुत्रा आणि भिंतीची भेग एवढेच पुरत असल्यामुळे शहरीकरणाने तिचे नुकसान होत नाही. अर्धवट बांधलेल्या भिंती तर तिच्या सोयीच्याच. मुंबई, दिल्ली, सिक्कीम व लडाख येथील ५२५ भटक्या व आश्रयगृहांतील कुत्र्यांच्या रक्ताची जनुकीय तपासणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचाही सहभाग होता. तीनुसार सुमारे ३० टक्के कुत्र्यांत हेपॅटोझून कॅनिस होता, साडेपाच टक्क्यांच्या आसपास बॅबेसिया व्होगेली होता, आणि गिब्सोनी जवळजवळ नव्हताच. पहिले दोन्ही तपकिरी गोचिडीचे प्रवासी आहेत. यावरून असे अनुमान करता येते की, गाव शहरात मिसळताना कुत्र्याच्या रक्तातील रहिवाशांची यादीही बदलते: चराईच्या रानाशी बांधलेले मागे पडतात, भिंतीशी बांधलेले टिकतात. हे अनुमान सर्वत्र लागू करता येणार नाही. पॅटनच्या मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, पशुवैद्यांकडे येणाऱ्या शहरी कुत्र्यांत गिब्सोनी अजूनही आढळतो, आणि सेन यांचे १९३३ सालचे मत तेथे पुन्हा विचारात घ्यावे लागते.

रावेत, किवळे, मामुर्डी या पट्ट्यात आज दोन्ही परिस्थिती एकमेकींना लागून आहेत. लष्करी हद्दीतील गवत व डोंगरउतार शाबूत आहेत. त्यांना खेटून इमारतींच्या रांगा आहेत. दोहोंमध्ये ये-जा करणारा प्राणी एकच आहे. त्याच्या कानातील व बोटांमधील गोचिडी वेचून त्यांच्या जाती ओळखणे, त्याच्या रक्ताचा एक थेंब काचेवर घेणे, आणि हे काम गवताच्या कडेला व भिंतीच्या कडेला स्वतंत्रपणे करणे, यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. क्रिस्टोफर्सपाशीही ती नव्हती.